यादीत नाव आलं का?

आमच्या पिढीने आयुष्यात दोनच याद्यांची वाट पाहिली. एक दहावीच्या निकालाची, दुसरी घरकुलाची. पहिली निदान जूनमध्ये लागायची. दुसरीला ना महिना, ना वार. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खळीने कागद डकवले गेले की दुपारच्या आत वाडीत बातमी. मग विहिरीवर तेच, भाताच्या गिरणीत तेच, एस.टी.च्या थांब्यावरही तेच, ‘नाव आला काय?’ कुणाचं आणि कशात, हे विचारावं लागत नसे.

वाडी आमची रत्नागिरी जिल्ह्यातली, डोंगराच्या उतरणीवरची. घरं तीन तऱ्हेची. एखाददुसरं चिऱ्याचं. बरीचशी मातीच्या भिंतींची आणि कौलारू. उरलेली कुडाची, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, त्यांना आतून-बाहेरून शेणमातीचा गिलावा द्यायचा आणि वर गवत नाहीतर भाताचा पेंढा. पावसाळ्याआधी पडवीला झावळ्यांची झड बांधायची, दिवाळीआधी जमीन नव्याने करायची. खणायची, भिजवायची, चोपण्याने चोपायची, मग सारवायची. चोपताना एका ओळीत बसलेल्या बायका, हातात लाकडी चोपणी, आणि तोंडाने अख्ख्या वाडीची उणीदुणी. जमीन गुळगुळीत होईपर्यंत बरीच लग्नं जमलेली आणि बरीच मोडलेली असत.

खरा सोहळा मात्र शाकारणीचा. मे महिना संपत आला, मृग आठवड्यावर आला की सगळी कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची आणि पुन्हा लावायची. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे. मजुरीचा प्रश्न नव्हता. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सुक्या जवळ्याची चटणी आणि दोन वेळा चहा, एवढ्यावर घर शाकारून होई. वर चढायला हलकी माणसं लागत. आमचे थोरले काका अंगाने भरलेले. त्यांनी दरवर्षी शिडीला हात लावावा आणि दरवर्षी आजीने खालून ओरडावं, ‘तू उतर आधी, कौलं नंतर उतरव!’

आढ्यापासून पाखाडीपर्यंत छप्पर उघडं पडलं की वर्षभराचा हिशेब सापडे. उंदरांनी साठवलेलं भात, गांधीलमाशीची पोळी, आमचे हरवलेले चेंडू, रीप सुटू नये म्हणून कुणीतरी बांधलेला साडीचा काठ. मंगळुरी कौल उलटं केलं की पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं दिसे. इंग्रजी अक्षरांशी आमची पहिली ओळख त्या कौलांवरच झाली. काही कौलांवर बासेल मिशनचं नाव होतं. मंगळूरला त्या मिशनऱ्यांनी १८६५ साली कौलांचा कारखाना घातला, हे पुढे कधीतरी वाचनात आलं. तेव्हा आम्हाला एवढंच माहीत, की हे कौल आजोबांनी गलबतावरून आणलेलं आहे आणि ते फुटलं तर पाठीत धपाटा आहे.

आणि फुटलं तरी फेकायचं नाही. फुटक्या कौलाची लगोरी होई. लगोरीतून उरलं की कुटून त्याची पूड, पितळेची भांडी घासायला. मोडका वासा मांडवाला, मांडवातला कुजका वासा चुलीत. जुनं दार गोठ्याला, गोठ्याचं दार कोंबड्यांच्या खुराड्याला. वाडीतल्या कुठल्याही वस्तूला मरण असं नव्हतंच, फक्त बढतीच्या उलट जे काय असतं ते होतं.

हे सगळं गोड वाटतं, कारण ते आता करावं लागत नाही. मातीच्या घराचे गोडवे गाणारे पाहुणे हल्ली फार येतात. त्यांना मी एवढंच विचारतो, की श्रावणात रात्री दोन वाजता अंथरूण उचलून तिसऱ्या कोपऱ्यात कधी गेला होता का? आमच्याकडे प्रत्येक गळतीचं भांडं ठरलेलं होतं. माजघरात पातेलं, देवघरापाशी तांब्या, पाळण्याशेजारी परात. वाळवी लागली की भिंत आतून पोकळ होई आणि बाहेरून सारवण तसंच छान दिसे. कुडाच्या घरातल्या बायका तर पावसाळाभर ओल्या लाकडांचा धूर आणि ओल्या भिंतीचा गारवा एकाच खोलीत सोसत. त्यांना ‘नाव आला काय?’ हा प्रश्न चेष्टेचा वाटत नव्हता.

सरकारी घरकुल हा शब्द ८५-८६ नंतर कानावर येऊ लागला. त्या साली इंदिरा आवास योजना निघाली, पण ती रोजगाराच्या योजनेचं शेपूट म्हणून. १ जानेवारी १९९६ पासून ती स्वतंत्र झाली आणि आमच्या वाडीपर्यंत पोचली ती त्यानंतर. दिल्लीने ठरवलेलं अनुदान तेव्हा सपाट प्रदेशाला वीस हजार रुपये. २००४ मध्ये त्याचे पंचवीस हजार झाले, २००८ मध्ये पस्तीस, २०१० मध्ये पंचेचाळीस, २०१३ मध्ये सत्तर. राज्याने वरून आपली भर वेळोवेळी घातली, पण बोलताना दिल्लीचा आकडाच चाले. त्यामुळे वाडीत घरांना वय नव्हतं, किंमत होती. हे विसाचं घर, ते पस्तिसाचं घर, शाळेमागचं सत्तरचं. विसाच्या घरातला माणूस सत्तरच्या घरावरून जाताना थोडा थांबून भिंतीची जाडी बघून जाई. ‘आमच्या वेळी एवढं मिळतं तर!’ हे वाक्य न म्हणता पुढे गेलेला कुणी आठवत नाही.

नाव यादीत यायचं तर आधी दारिद्र्यरेषेखाली यावं लागे, आणि ते सोपं नव्हतं. २००२ चा सर्व्हे आमच्या पिढीतला कुणीच विसरणार नाही. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. शाळेत जन्मभर गुण कमी पडले म्हणून मार खाल्लेले लोक आम्ही. इथे जितके कमी तितकं उत्तम. मास्तर कागद घेऊन ओटीवर बसले. जमीन किती? घर कसलं? दोन वेळचं पोटभर मिळतं का? कर्ज कुणाचं? इथवर ठीक होतं. मग त्यांनी विचारलं, घरात माणशी कपडे किती. आजी म्हणाली, ‘अंगावरचं धरून का सोडून?’ मास्तरांनी वर पाहिलं नाही. त्यांनाही ते विचारताना बरं वाटत नसावं.

रेडिओ, पंखा, कुकर, टीव्ही, सगळ्याची विचारणा होती. मास्तर वाडीत शिरल्याची खबर लागताच कुणाचा टेबलफॅन गोठ्यात गेला, कुणाचा कुकर पिंपात. एका घरातला रेडिओ लपवलेल्या जागेवरून, बटण चुकून दाबलं गेल्याने, बातम्या देऊ लागला अशी गोष्ट अजून सांगतात. प्रत्येक वाडीत ती त्याच वाडीत घडलेली आहे. कौलारू घर ‘अर्धं पक्कं’ धरलं जाई आणि तिथे गुण जास्त पडत. म्हणजे आजोबांच्या कौलांनी नातवाचं घरकुल घालवलं. ‘कौलं उतरून गवत घालू काय?’ असं एका काकीने भर ग्रामसभेत विचारलं होतं. सरपंच हसले, ग्रामसेवकभाऊ हसले. काकी काही हसली नाही.

मग यादी लागायची. आणि नाव आलंच, तर खरी कसोटी पुढे असे. घरकुल बांधायचं तर जागा स्वतःची हवी, आणि कोकणात स्वतःची जागा ही चीज सगळ्यांची असते. सातबाऱ्यावर पणजोबांपासूनची नावं. त्यातले निम्मे मुंबईला, काही वारलेले, एकाचा तर पत्ताच ‘परळ’ एवढाच. सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागे. पत्रांना उत्तरं येत नसत. सह्या कधी मिळणार? गणपतीत. कारण त्या पाच दिवसांत चाकरमानी झाडून सगळे घरी.

स्टॅम्पपेपर आधीच आणून गणपतीच्या पाटाखाली ठेवलेला. आरती झाली, प्रसाद वाटला, मोदक झाले, पानसुपारी झाली, आणि मग घरातले आबा घसा खाकरून म्हणत, ‘तेवढा एक कागद होता.’ पुढचा अर्धा तास कुणी गणपतीकडे बघत नसे. मुंबईच्या काकांना वाटे, आज घराला सही दिली तर उद्या आंब्याचं झाड जाईल. मुंबईच्या काकूंना वाटे, दिली नाही तर पुढच्या गणपतीत उतरायचं कुठे? बहुतेक वेळा काकू जिंकत. एखाद्या घरात मात्र एक सही राहून जाई आणि एका सहीसाठी घरकुल परत जाई. ज्यांचं तसं गेलं त्यांच्या ओटीवर हा विषय आजही काढत नाहीत.

ज्यांच्याकडे तेवढीही जागा नव्हती त्यांची गत याहून वाईट. यादीत नाव, पण घर उभं करायला हातभर जमीन नाही. जागा घ्यायला पन्नास हजारांपर्यंत मदत देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची राज्याची योजना २०१५ मध्ये आली, म्हणजे घरकुलं सुरू झाल्यावर जवळजवळ तीस वर्षांनी. उशीर म्हणजे किती असावा!

बांधकामाला ठेकेदार नाही, हा योजनेचा नियमच होता. ज्याचं घर त्याने बांधायचं. नियम कुणी केला माहीत नाही, पण त्याला वाडी कळत होती. गवंडी तेवढा रोजावर. बाकी चिरे वाहायला भावकी, पाणी भरायला बायका, वाळू चाळायला आम्ही. रुंद चाळणी तिरकी उभी करायची आणि फावड्याने वाळू तिच्यावर मारायची. संध्याकाळी दात वाजवले तरी वाळू लागे.

पहिल्या दिवशी गवंड्याने सुतळी आणि फक्की घेऊन जमिनीवर घर आखलं. वीस चौरस मीटर, म्हणजे साधारण दोनशे पंधरा चौरस फूट. आजी त्या पांढऱ्या रेघांच्या आत जाऊन उभी राहिली. चारी बाजूंना बघितलं. ‘ह्यात ओटी कुठली?’ गवंडी म्हणाला, ‘आजी, तुम्ही उभ्या आहात ती ओटी.’ ‘आणि माजघर?’ ‘तेही तेच.’ आजी रेघ ओलांडून बाहेर आली, पण येताना चप्पल रेघेला लागू दिली नाही.

तोडगा वाडीनेच काढला. जुनं घर सगळं पाडायचंच नाही. पुढची पडवी आणि ओटी ठेवायची, मागचा पडका भाग काढून तिथे घरकुल बसवायचं. त्यामुळे आमच्याकडची बरीच घरकुलं समोरून दिसतच नाहीत. समोर कौलारू पडवी, लाकडी खांब, आणि आत गेलं की सरकार. जुन्या तुळया कापून खिडकीच्या चौकटी झाल्या, वासे सेंट्रिंगच्या टेकूला गेले. दार मात्र फणसाचं जुनंच बसवलं. ते होतं साडेचार-पावणेपाच फुटांचं आणि नकाशात दार साडेसहा फुटी. गवंड्याने वर दोन फूट चिरा भरला. मोजमाप घ्यायला आलेले साहेब आत शिरताना कपाळ आपटून घेऊन म्हणाले, ‘हे नियमात नाही.’ आबा म्हणाले, ‘साहेब, ह्या दारातून आत येताना सगळेच वाकलेत.’ साहेबांनी कपाळ चोळत सही केली.

पैसे हप्त्यांनी. जोत्याला एक, लिंटेलला एक, छताला एक, पुरं झाल्यावर शेवटचा. हप्ता यायचा म्हणजे आधी काम दाखवायचं, काम दाखवायचं म्हणजे आधी पैसा घालायचा, आणि तो असता तर यादीची वाट कुणी पाहिली असती? म्हणून बैल विकले गेले, कानातलं गहाण पडलं, बचत गटाने हात दिला, मुंबईहून मनीऑर्डर आली. काही जोती तशीच पावसात सापडली. त्यांच्यावर गवत उगवलं, शेजाऱ्याने म्हैस बांधली. कुटुंब तोवर मांगरात किंवा गोठ्याच्या आडोशाला. एका घराने असे दोन पावसाळे काढल्याचं आम्ही पाहिलं आहे. तालुक्याच्या कचेरीत त्यांचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर जात होता, एवढंच उत्तर मिळे.

ज्यांना सबंध घरकुल नाही त्यांना दुरुस्तीचे पैसे, अशीही सोय १९९९-२००० पासून होती. कच्च्याचं पक्कं करायला दहा हजार, पुढे साडेबारा, मग पंधरा. त्या दहा हजारांत लोकांनी काय काय केलं! कूड काढून चिऱ्याची एक भिंत, पश्चिमेकडची, कारण पाऊस तिकडून झोडपतो. बाकी तीन भिंती पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी. मला विचाराल तर ही दुरुस्तीची मदत घरकुलापेक्षा वाडीच्या स्वभावाला जास्त मानवणारी होती. आम्हाला घर बांधून संपवायची सवयच नव्हती. घर चालू ठेवायची होती.

प्रत्येक घरकुलाबरोबर दोन गोष्टी सक्तीच्या, निर्धूर चूल आणि संडास. चुलीला धुराडं, दोन वैलांची सोय, सगळं शास्त्रशुद्ध. फक्त आमच्या भाताचं तपेलं तिच्यावर बसत नसे. पाहुणे आले की बायका निमूटपणे मागच्या दारी तीन दगड मांडत. संडासाची कथा अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आमच्याकडे त्यात शेणी ठेवत. वाडीतली सगळ्यात कोरडी जागा ती! फोटो काढायला कुणी येणार म्हटलं की शेणी बाहेर, बादली आत. माणूस गेला की बादली बाहेर, शेणी आत. आर. आर. पाटलांचं गाडगेबाबा स्वच्छता अभियान २००० च्या सुमारास सुरू झालं आणि गावागावांत झाडू फिरू लागला, तेव्हा कुठे शेणी कायमच्या बाहेर आल्या. तेही सुनांनी हट्ट धरला म्हणून. सासवांचा विरोध शेणी भिजतील या मुद्द्यावर शेवटपर्यंत होता.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र कुणाला फारशी न कळता होऊन गेली. घरकुल घरातल्या बाईच्या नावाने किंवा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचं, असं योजनेतच लिहिलेलं होतं. २००३ मध्ये राज्य सरकारनेही गावातल्या घराच्या नोंदीवर दोघांची नावं लावायला सांगितलं. ‘घर दोघांचं’ म्हणत ते. ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर आठच्या उताऱ्यावर आजोबा, पणजोबा, त्यांचे चुलते अशी पुरुषांची रांग, आणि तिच्या शेवटी थोरल्या काकीचं नाव. घराच्या भिंतीवर पेंटरने निळ्या चौकोनात योजनेचं नाव, साल, अनुदान आणि लाभार्थी म्हणून काकीचं पूर्ण नाव रंगवलं. काकीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी दर दिवाळीला भिंत रंगवताना ती ब्रश धरणाऱ्याच्या मागे उभी राही, चौकोनावर चुना जाऊ नये म्हणून. घरपट्टीची पावती आली की शिपाई तिलाच हाक मारी आणि काका आत बसून विचारत, ‘किती आली गो तुझी घरपट्टी?’ थट्टा होती ती. पण दारू पिऊन आलेल्या एका नवऱ्याला शेजारच्या आळीत बायकोने ‘घर माझ्या नावावर हाय’ म्हणून ओटीवर झोपवलं, तेव्हा काकांची थट्टा जरा कमी झाली.

२०१६ पासून नाव बदललं. पंतप्रधान आवास योजना, पंचवीस चौरस मीटर, सपाट भागाला एक लाख वीस हजार, डोंगराळ भागाला एक लाख तीस. संडासाचे बारा हजार वेगळे, आणि स्वतःच्या घरावर राबल्याची रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी. अनुसूचित जातींच्या आणि नवबौद्ध कुटुंबांना रमाई आवास, आदिवासींना शबरी, हे राज्याने त्याआधीच सुरू केलं होतं. फळ्यावरची खळ गेली. आता मोबाइल घेऊन मुलगा येतो, जोत्याचा फोटो काढतो, फोटोला जागेचे अक्षांश-रेखांश चिकटतात, हप्ता थेट खात्यात. बरं झालं. टेबलं कमी झाली. पण वाडीतली पोरं आजही ‘ड यादी’त नाव आहे का, हेच एकमेकांना विचारतात. ड म्हणजे कसला ड, हे विचारलं तर त्यांना सांगता येत नाही. आम्हाला तरी कुठे सांगता येत होतं?

शाकारणी मात्र गेली. स्लॅबला कुणी शाकारत नाही. मे महिन्याच्या शेवटी एकमेकांच्या घरावर चढायचं कारणच उरलं नाही, त्यामुळे कुणाच्या आढ्यात काय चाललंय ते कुणाला कळत नाही. उतरलेली मंगळुरी कौलं परसात चवड रचून होती. ती आता समुद्राकाठच्या रिसॉर्टवाल्यांनी टेम्पो भरून नेली. मुंबईच्या पाहुण्यांना जुनं घर आवडतं म्हणे.

आणि स्लॅबचं म्हणाल, तर तिसऱ्या पावसाळ्यात तो पाझरायला लागला. कोकणातल्या पावसापुढे सपाट छताचं काही चालत नाही, हे नकाशा काढणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं. मग स्लॅबवर लोखंडी पाइप उभे राहिले आणि पाइपांवर पत्रा चढला, दोन्ही बाजूंना उतार देऊन. म्हणजे फिरून आढं आणि पाखाडी आलीच. त्या पत्र्याखाली बायका आमसुलं वाळवतात, चाकरमानी गणपतीत गादी टाकून झोपतात, लाकडं कोरडी राहतात. गेल्या ग्रामसभेत कुणीतरी मुद्दा काढला, की ही शेड म्हणजे वाढीव बांधकाम, घरपट्टी वाढवा. काकी मागून उठून म्हणाली, की सरकारचं घर गळतं म्हणून आम्ही छत्री धरली, तर छत्रीला कसली पट्टी? सरपंचांनी विषय पुढच्या सभेवर ढकलला. पुढच्या सभेला गणपूर्ती झाली नाही.